न दिसणारी तार

२७ ऑगस्ट २०१९ रोजी उत्तर प्रदेशातील अलीगढजवळच्या धनीपूर धावपट्टीवर उतरताना एक लहान, दोन इंजिनांचे विमान विजेच्या तारांत अडकले, जमिनीवर आदळले आणि पेटले. सुदैवाने आतले सहाही जण बचावले. अशी बातमी वाचली की आपण सहज म्हणतो, ‘तार दिसली कशी नाही?’ कोणा एका अपघाताचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. पण या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१९१७ मध्ये जर्मन विमाने लंडनवर बाँब टाकू लागली. तेव्हा इंग्रजांनी मोठमोठे फुगे आकाशात चढवले, ते आडव्या पोलादी दोराने एकमेकांना जोडले आणि त्या दोराला सुमारे ३०० मीटर लांबीच्या तारा झालरीसारख्या सोडल्या. तारेच्या धास्तीने शत्रूने खाली येऊ नये, हा हेतू. १९३८ मध्ये ब्रिटनने अशा फुग्यांसाठी स्वतंत्र दलच उभारले. मग दोन्ही बाजूंच्या काही बाँबफेकी विमानांवर तार कापणारी साधने आली. तार वैमानिकाला चकवते, हे लढणाऱ्यांनी असे ओळखले होते.

युद्ध संपले, पण तारा वाढतच गेल्या. वीज गावोगाव पोहोचली आणि पिकांवर औषध फवारणारी विमाने व हेलिकॉप्टरे त्याच उंचीवर उडू लागली. १९७९ च्या सुमारास कॅनडात हेलिकॉप्टरसाठी तार कापणारी पाती तयार झाली. मात्र तार पात्यापर्यंत नीट सरकत आली तरच ती कापली जाते.

तार चकवते कशी? उजळ आकाशासमोर ती बऱ्यापैकी दिसते, शेते-झाडांसमोर हरवते. शिवाय आपले डोळे शेजारी-शेजारी आहेत. आडव्या, एकसारख्या रेषेची प्रतिमा दोन्ही डोळ्यांत सारखीच पडते, म्हणून अंतर कळत नाही. वर्गात करून पाहा. पुठ्ठ्याला खिडकी कापा, टोके झाकली जातील असा दोरा मागे आडवा ताणा. दोऱ्याच्या किंचित वर पेन्सिलीचे टोक धरून विचारा: पेन्सिल दोऱ्याच्या पुढे की मागे? मग दोरा उभा ताणून, पेन्सिल बाजूने आणून तेच विचारा. कोणत्या वेळी चुका जास्त होतात?

ताशी १८० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला ५० मीटर जाते. तार १५० मीटरवर दिसली, तर हाती उरतात फक्त तीन सेकंद!

म्हणूनच वैमानिकांना शिकवतात की तार शोधू नका, खांब शोधा. आणि म्हणूनच धोक्याच्या जागी तारांवर निदान ६० सेंटिमीटर व्यासाचे रंगीत गोळे लावावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. ‘नीट पाहायला हवे होते’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण डोळ्यांची मर्यादा समजावण्याने सुटत नाही. तारच दिसेल अशी करावी लागते.