भंगारातून उभी राहिलेली नगरी

बांगडी पिचली, कपबशी फुटली, सायकल मोडली की तिची वाट उकिरड्याकडे, असा सर्वत्रचा रिवाज आहे. परंतु टाकाऊ वस्तूतही कोणाच्या तरी हातचे कष्ट असतात, हे ओळखणारा एखादाच निपजतो. चंदीगडच्या रॉक गार्डनचे निर्माते कै. नेकचंद सैनी हे असे पुरुष होत.

त्यांचा जन्म १९२४ साली पंजाबातील शकरगड तालुक्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी आईच्या तोंडून राजेराण्यांच्या गोष्टी ऐकण्याचा त्यांना नाद होता. १९४७ च्या फाळणीत त्यांचे गाव पाकिस्तानात गेले व घरदार सोडून कुटुंबाला इकडे यावे लागले. पुढे चंदीगड शहराची उभारणी सुरू झाली, तेव्हा बांधकाम खात्यात त्यांना रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली.

नवे शहर वसविण्यासाठी जुनी खेडी उठविण्यात आली होती. पाडलेल्या घरांच्या विटा, कौले, फुटकी मडकी यांचे ढीग जागोजाग पडले होते. ज्याचे स्वतःचे गाव सुटले होते, त्या माणसाला हे ढीग नुसता कचरा वाटले नाहीत. कचेरी सुटल्यावर सायकलवर बसून ते निघत आणि हे सामान, तसेच नदीपात्रातील चित्रविचित्र दगड, सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊन साठवीत.

१९५७-५८ च्या सुमारास त्यांनी प्रत्यक्ष कामास आरंभ केला. सायकलीच्या मोडक्या भागांचा सांगाडा करावयाचा, त्यावर सिमेंट-वाळू लिंपावयाची व ओल्या थरात काचा आणि बांगड्यांचे तुकडे बसवावयाचे. अशा रीतीने माणसे, पशुपक्षी, नर्तकी यांच्या शेकडो मूर्ती तयार झाल्या. हे सर्व गुपचूप चालले होते, कारण ती जागा राखीव जंगलाची होती व तेथे बांधकामास मनाई होती.

सत्तरच्या दशकात हे काम सरकारी अधिकाऱ्यांच्या नजरेस आले. तोवर सुमारे १२ एकरांत एक नगरीच उभी राहिली होती. कायद्याप्रमाणे पाहिले तर ते अतिक्रमण होते. सारे जमीनदोस्त होऊन नोकरीही जाण्याची वेळ आली होती. परंतु लोकमत नेकचंद यांच्या बाजूचे झाले आणि प्रशासनानेही शहाणपण दाखविले. १९७६ साली उद्यान सर्वांसाठी खुले झाले. नेकचंद यांना याच कामावर पगारी नेमण्यात आले व हाताखाली ५० मजूर देण्यात आले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही संकट टळले नव्हते. १९९६ साली ते परदेशी गेले असता काही समाजकंटकांनी मूर्तींची मोडतोड केली. पुढे एका संस्थेने उद्यानाच्या देखभालीची जबाबदारी उचलली. १२ जून २०१५ रोजी नेकचंद यांचे निधन झाले. आज हे उद्यान सुमारे ४० एकरांत पसरले आहे.

उठविलेल्या खेड्यांतील माणसे पांगली, परंतु त्यांच्या घरांच्या विटा आणि मडक्यांची खापरे त्या भिंतींत अजून आहेत. नेकचंद यांनी पैशाने मोठे काही आणले नाही. लोकांनी टाकलेले उचलले आणि जपले. आपल्याही परसात, माळ्यावर अशा वस्तू पडून असतील. त्या फेकण्यापूर्वी एकवार निरखून पाहाव्यात, एवढे जरी घडले तरी त्या थोर कारागिराचे स्मरण केल्यासारखे होईल.