प्रतिकृतींचा छंद आणि मध्यम हाताचे स्थान



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत अहवाल, पाककृती आणि भजने यांच्या जोडीला एखादा इतिहासाचा लेखही असावा, असे संपादिकाबाईंनी सुचविले आणि ते काम माझ्याकडे आले. विषय मात्र माझा मी निवडला. आपल्या मंडळात महालक्ष्म्यांच्या आराशीची, रुखवताची आणि मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा होते. गेल्या काही वर्षांत भाग घेणाऱ्यांची यादी आखूड होत चालली आहे. कारण विचारले तर बहुतेकींचे उत्तर एकच : “आमच्या हाताला तेवढी सफाई कुठे?” हे उत्तर मला स्वस्थ बसू देत नाही, कारण माझा हातही मध्यमच आहे. आजवर मला पहिले बक्षीस मिळालेले नाही आणि पुढे मिळेल अशी आशाही नाही. तरी काडी, माती आणि पुठ्ठा यांचा नाद सुटत नाही. मोठ्या वस्तूचे लहान रूप घडविण्याच्या या कलेत आमच्यासारख्यांचे स्थान कोणते, हे इतिहासालाच विचारावे असे मनात आले.

प्रारंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांच्या वतीने तेथे उत्खनन झाले. त्या वेळी भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होते. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोहोचली होती. वीतभर उंचीच्या त्या मूर्तीत दागिन्यांचा मणी न् मणी कोरलेला आहे. असे काम करणारा कारागीर शंभरात एखादाच असणार. परंतु भोकरदनच्या मातीतून मणी आणि भाजक्या मातीच्या साध्या आकृतीही निघाल्या. ती वस्ती एकट्या हस्तिदंत कोरणाऱ्याची नव्हती. साधी चित्रे करणारे हात तेथे पुष्कळ होते आणि त्यांच्यामधूनच एखादा हात हस्तिदंतापर्यंत पोहोचला असावा, असे मला वाटते.

हीच गोष्ट आपल्या घरातही दिसते. पोळ्याला ज्यांच्या दावणीला बैल नाहीत, ते मातीचे बैल करून पूजतात. भातुकलीत चूल, तवा, पाटा-वरवंटा, जाते, उखळ आणि बंब ही सारी स्वयंपाकघराची प्रतिकृतीच होय. मराठवाड्यात आपण ज्येष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतो. त्यांच्यापुढे विहीर, मळा, बैलगाडी, बाजार असे देखावे मांडतो, धान्याच्या राशी घालतो. ही कामे करताना कोणी कोणाला “तुझा हात चांगला आहे काय?” असे विचारीत नव्हते. सण आला की करायचे, एवढेच ठाऊक होते.

रुखवताचा प्रवास तर विशेष पाहण्यासारखा आहे. पूर्वी रुखवत म्हणजे वधूपक्षाकडून नवरदेवाकडे न्यायचे फराळाचे जिन्नस. लाडू, चकल्या, अनारसे यांची ताटे वाजतगाजत जात आणि बायका रुखवताची गाणी म्हणत. पुढे या ताटांशेजारी शोभेच्या वस्तू आल्या : मण्यांचे तोरण, कोरलेले खोबरे, साखरेचे तुळशीवृंदावन, काड्यापेटीच्या काड्यांचे घर, रहाटाची विहीर, सुपारीची भटजी-बाहुली. नवरीची मावशी, आत्या, शेजारीण, मैत्रीण या प्रत्येकीने एकेक वस्तू करायची, असा प्रघात होता. त्यात एखादी वस्तू नजर खिळवणारी असे आणि बाकीच्या साध्या असत. परंतु मांडव भरून दिसे तो सगळ्या मिळून. आज तयार रुखवत विकत मिळते आणि भाड्यानेही मिळते. ते देखणे असते याबद्दल वाद नाही. पण त्यात मावशी कोठे आहे आणि शेजारीण कोठे आहे, हे शोधून सापडत नाही.

दिवाळीचा किल्ला आपल्याकडे पुण्या-साताऱ्याइतका घरोघर रुळलेला नाही. तरी तो करणारी मुले आहेत, आणि त्यांच्या आयांचे हातही चिखलात असतातच. दगडविटांचा ढीग, त्यावर ओले गोणपाट, वरून मातीचा लेप, उतारावर मोहरी किंवा अळीव पेरून उगवलेली हिरवळ, पायथ्याशी मावळे आणि माथ्यावर सिंहासनी शिवाजी महाराज. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणारे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून स्वीकारले. अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा तामिळनाडूतील जिंजी. त्या वारशाची पहिली ओळख अनेक मुलांना पुस्तकाआधी अंगणातील चिखलातच झालेली असते. मग आपल्या जालन्याचा १७२५ साली बांधलेला किल्ला, आपला मस्तगड, मुलांनी का करू नये? राजगड, रायगड जरूर करावेत. पण घराजवळच्या किल्ल्याचे बुरूज मोजायला चालत जाता येते, हा लाभ थोडा नाही.

जमिनीची ठेवण लहान रूपात मांडणे ही नुसती करमणूक नव्हे, हे पटविण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील असईचे नाव घेते. या गावी २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली याची लढाई झाली. रणभूमी खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात होती. वाटाड्ये म्हणत होते की जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. समोरासमोर गावे आहेत म्हणजे माणसे मधून ये-जा करीतच असणार, असा तर्क त्याने केला आणि उतार सापडला. त्या एका तर्काने लढाईचे पारडे फिरले. गावे कोठे आहेत, वाट कोठून जाते आणि पाणी कोठे अडते, हे पाहण्याची सवय किल्ला करणाऱ्या मुलालाही लागते.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८ जून १८१५ रोजी त्याने वॉटर्लू येथे नेपोलियनशी झुंज दिली. त्या लढाईची एक प्रचंड प्रतिकृती विल्यम सायबर्न नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने केली. ती १८३८ साली लंडनमध्ये लोकांना दाखविण्यात आली आणि आज तेथील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. तिच्यात कथिलाचे सत्तर हजारांहून अधिक चिमुकले शिपाई आहेत. सायबर्न स्वतः त्या लढाईत नव्हता. म्हणून त्याने रणभूमीवर महिनोन्‌महिने राहून मोजणी केली आणि हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे उभी होती, समोर शत्रू कोणता होता, शेतात पीक कोणते होते, असे त्याचे प्रश्न होते. सेनापतीला जे एका नजरेत दिसले नव्हते, ते शेकडो माणसांच्या आठवणींतून त्याने गोळा केले. या कामापायी त्याला पैशाची ओढाताण सोसावी लागली. पण ती पत्रे पुढे इतिहासकारांच्या उपयोगी पडली. मला त्यातील शिपायांच्या संख्येपेक्षा ही पत्रेच अधिक मोलाची वाटतात.

छंदाला मंडळांचे रूप आले ते विसाव्या शतकात. १९२४ साली इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर पुरे झाले. त्याचा आराखडा नव्या दिल्लीची मांडणी करणाऱ्या एडविन लट्येन्सचा. त्याचे प्रमाण एकास बारा, म्हणजे एका फुटाला एक इंच. आपली शिवणकामाची टेप घेतली तर हिशेब सोपा आहे : सात फुटी दार सात इंचांचे होते. त्या घरात दिवे लागतात, नळाला पाणी येते. असे काम पाहून थक्क व्हावे. परंतु पुढच्या काळात या छंदाचा विस्तार झाला तो मध्यम हातांमुळे. १९३६ साली इंग्लंडमध्ये ‘फ्रॉग’ने विमानांचे सुटे भाग तयार करून पेटीत भरून विकायला काढले. त्यांचे प्रमाण एकास बाहत्तर, म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा. १९५२ साली ‘एअरफिक्स’चे ‘गोल्डन हाइंड’ जहाज अवघ्या दोन शिलिंगांना दुकानात आले. लाकूड कोरता न येणाऱ्या मुलालाही आता जहाज जोडता येऊ लागले. १९६३ साली अशा प्रतिकृती करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था ब्रिटनमध्ये स्थापन झाली आणि देशोदेशी तिच्या शाखा निघाल्या. आपल्याकडे पुण्यात कोथरूडला १९९८ साली उघडलेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय हे असेच एका माणसाच्या छंदातून उभे राहिले.

मंडळे झाली, तशा स्पर्धा आल्या आणि स्पर्धांबरोबर आपलाच प्रश्न तेथेही उभा राहिला. पहिला, दुसरा, तिसरा असे तीन क्रमांक काढले की उरलेले सारे रिकाम्या हाताने घरी जातात. तेच ते तिघे वर्षानुवर्षे जिंकू लागले की बाकीचे येईनासे होतात. यावर काही संस्थांनी तोडगा काढला. अमेरिकेतील रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या संस्थेत कामाची तुलना शेजाऱ्याच्या कामाशी करीत नाहीत. ठरविलेल्या कसोटीला ते किती उतरले एवढेच पाहतात. कसोटीला दहा जण उतरले तर दहांनाही सुवर्णपदक. कोणीच उतरले नाही तर कोणालाच नाही. परीक्षकाने काय सुधारावे हे सांगायचे असते, त्यामुळे मध्यम हाताच्या माणसालाही पुढच्या वर्षी येण्यास कारण उरते.

आता आपल्या मंडळातील एक अनुभव सांगते. एका वर्षी मी पुठ्ठा, माती आणि बाभळीच्या काटक्या यांचे माळवदाचे घर केले होते. ढाळज, चौक, ओसरी, बळद, दिवळीतली पणती असे जमेल तसे मांडले होते. शेजारच्या टेबलावर एका भगिनीचे थर्माकोलचे मंदिर होते. ते खरोखर अप्रतिम होते आणि बक्षीसही त्यालाच मिळाले, ते योग्यच झाले. मंदिरापुढे बायका थांबत, “किती सुंदर!” म्हणत आणि पुढे जात. माझ्या घरापुढे मात्र गर्दी हटेना. एक आजी म्हणाल्या, “अगं, बळदाशेजारी आमची उतरंड असायची, वरच्या मडक्यात पैसे लपवायचे.” दुसऱ्या काकूंनी माळवदावर वाळवण घातल्याची आठवण काढली. तिसरी म्हणाली, “पावसाळ्यात गळायला लागलं की खारी माती टाकायला सगळं घर वर चढायचं.” एक लेकुरवाळी सून हे सारे ऐकत उभी होती. तिने विचारले, “बळद म्हणजे काय हो आत्या?” आणि त्या तिघींनी मिळून तिला ते समजावून सांगितले.

त्या दिवशी मला सायबर्नची पत्रे आठवली. परिपूर्ण वस्तू पाहणाऱ्याला गप्प करते, आणि ते तिचे मोठेपणच आहे. मध्यम हाताची प्रामाणिक वस्तू पाहणाऱ्याला बोलते करते. तिच्यात आपलाही एक खडा बसवायला जागा आहे असे तिला वाटते. गावोगाव माळवदे उतरली, बळदे बुजली. ज्यांनी ती पाहिली त्या बायका आज आपल्यात आहेत, उद्या नसतील. त्यांनी “आमच्या हाताला सफाई नाही” म्हणून मागे बसायचे ठरविले, तर आपले नुकसान स्पर्धेपुरते राहणार नाही.

म्हणून या वर्धापनदिनी मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, क्रमांक काढण्याऐवजी कसोट्या आधी लिहून जाहीर कराव्यात : प्रमाण साधले आहे काय, जोड घट्ट आहेत काय, वस्तू ओळखू येते काय, काम स्वतःचे आहे काय. जितक्या जणी उतरतील तितक्यांना ‘उत्तम’ किंवा ‘चांगले’ असे प्रशस्तिपत्र द्यावे. कागदाला असा कितीसा खर्च? दुसरी, परीक्षकांनी प्रत्येकीला एक गुण आणि एक सुधारणा तोंडी सांगावी. तिसरी, प्रत्येक प्रतिकृतीशेजारी एक कोरी वही ठेवावी आणि पाहणाऱ्यांनी आपली आठवण तिच्यात लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या मुलींनी लेखणी धरावी.

पंगतीत पाट मांडताना कोणाचा हात सुगरणीचा आहे हे आपण पाहत नाही. येईल तिच्यासाठी पाट असतो. यंदा महालक्ष्म्यांच्या आधी नावे देण्याची मुदत नेहमीप्रमाणे सूचनाफलकावर लागेल. माझे नाव त्यात असेलच. या खेपेस मी खेळणा नदीकाठची ती दोन समोरासमोरची गावे करणार आहे. भोकरदनकडच्या ज्या माहेरवाशिणी असतील, त्यांनी त्या उताराबद्दल काय ऐकले आहे ते मला येऊन सांगावे, ही विनंती.