बेटकुळीची दोरी

पोरं दंड फुगवून बेटकुळी दाखवतात. तिची एक दोरी थेट खांद्याच्या सांध्यात शिरलेली असते, हे खांदा ठणकू लागल्यावरच कळतं. बायसेप्सच्या, म्हणजे बेटकुळीच्या स्नायूच्या, वरच्या टोकाला दोन कंडरा. एक सांध्याबाहेरच थांबते. दुसरी, लांब, दंडाच्या हाडावरच्या खोबणीतून वर चढते आणि सांध्यात वळून उखळीच्या वरच्या काठाला चिकटते. या वाटेवरच ती घासते, सुजते, कधी खोबणीतून निसटते.

१९४८ मध्ये हिचकॉक आणि बेक्टॉल या शल्यविशारदांनी खांदेदुखीचं खापर या लांब कंडरेवर फोडलं. उपायही सांगितला: कंडरा खोबणीतच हाडाला जखडून टाकायची. हे टेनोडेसिस. पुढे कुणी तिच्या टोकाला गाठ मारून ती हाडात कोरलेल्या किल्लीच्या भोकात अडकवू लागलं. १९७२ मध्ये चार्ल्स नीर यांनी मूळ दोष खांद्याच्या छताच्या हाडाखाली होणाऱ्या घर्षणाला दिला आणि कंडरेवरचं बालंट बरंचसं टळलं.

दुर्बीण सांध्यात उतरली तशी तपासाची जागा बदलली. १९१८ मध्ये टोकियोत ताकागींनी मूत्राशय पाहायच्या नळीतून मृतदेहाचा गुडघा न्याहाळला होता. १९८५ मध्ये अँड्र्यूज यांनी चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंच्या खांद्यात दुर्बिणीतून डोकावून बायसेप्सला विजेचा झटका दिला, तेव्हा उखळीची कूर्चेची कड उचलली जाताना दिसली. १९९० मध्ये स्नायडर यांनी या फाटण्याला ‘स्लॅप’ नाव देऊन चार प्रकार पाडले. मग कड टाचणं सुरू झालं.

फ्रान्समध्ये जिल वाल्श यांनी उलटा धडा घेतला. आपोआप तुटलेली कंडरा रुग्णाची वेदनाही घेऊन जाते, मग आपणच का कापू नये? २००५ मध्ये त्यांच्या गटाने अशा ३०७ खांद्यांचा आढावा मांडला. ही टेनॉटॉमी. कापलेली दोरी कधी घसरते आणि बेटकुळी कोपराकडे उतरते. १९२९ मध्ये जन्मलेल्या व्यंगचित्रातल्या खलाशावरून डॉक्टर त्याला ‘पॉपाय’ म्हणतात.

२०१७ मध्ये नॉर्वेतून आलेल्या चाचणीने टाचणाऱ्यांना आणि जखडणाऱ्यांना एकदमच विचारात पाडलं. स्लॅपच्या ११८ रुग्णांपैकी काहींची कड टाचली, काहींची कंडरा जखडली, काहींवर लुटुपुटुची शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी तिन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता.

म्हणून आज बहुधा आधी व्यायाम आणि औषधं. कात्री लागलीच, तर टेनॉटॉमी असो वा टेनोडेसिस, कंडरा उगमापाशीच सुटते. उतारवयात बहुतेकदा ती तशीच सोडतात. तरण्या, अंगमेहनतीच्या हाताची पुन्हा बांधतात. आरशातली बेटकुळी कुणाला किती प्यारी, हेही विचारून घेतात.