आजीची बोट

आजचा भाग सुरू झाला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. वारणानगरहून आम्ही सहा जणांनी मुंबई-गोवा क्रूझला जायचं ठरलं. नियोजन अर्थातच माझ्याकडे, कारण घरात एक्सेल मलाच येतं. मुंबईपर्यंत रात्रीची गाडी, आधार कार्डं, केबिन, बाबांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं बसलं. अडलं आजीपाशी. आईची आई, माहेर मालवण. तिने एवढंच विचारलं, "पडावातसून चढूचा लागतला काय रे?"

पडाव म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. मग शोधत बसलो.

कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी चाकरमान्यांची एसटी म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून निघायची आणि दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत पणजीला जायची. आधी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी, पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'.

खरी गंमत बंदरात. म्हणजे गंमत आपल्याला, त्यांना नाही. पाणी उथळ, म्हणून बोट लांब समुद्रात नांगरायची. किनाऱ्यावरून माणसं, ट्रंका, वळकट्या, आंब्याच्या पेट्या भरून पडाव, म्हणजे मोठी होडी, तिच्यापर्यंत जायचा. पडाव लाटेवर वरखाली. लाट वर आली की खलाशी हात धरून ओढून घेणार. आजी अशी चढली आहे, मामा कडेवर असताना. वर डेकवर वळकटी पसरेल त्याची जागा. बोट लागू नये म्हणून लिंबू.

तारखाही समुद्रच ठरवायचा. पावसाळ्यात बोटी बंद, त्या नारळी पौर्णिमेनंतरच सुरू व्हायच्या. मुंबईजवळची रेवसची फेरी मात्र पावसातही चालायची. १७ जुलै १९४७ ला त्याच वाटेवर 'रामदास' बोट बुडाली, ६००हून अधिक माणसं गेली. आजी तेव्हा लहान होती, पण त्या बोटीचं नाव घेताना अजून आवाज खाली आणते.

मी तिला फोटो दाखवला: क्रूझला धक्क्यावरूनच पूल असतो, व्हीलचेअरही जाते. तिने चष्मा लावून नीट पाहिला. मग म्हणाली, "मालवणाक थांबता?"

नाही थांबत. गोव्याला जाताना किनारा डाव्या हाताला राहतो, म्हणून केबिन डावीकडची मागितली आहे.