घरचा कचरा आणि वेचणारे हात

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा रोज हाताखालून जाणाऱ्या कचऱ्याचाच थोडा इतिहास भगिनींपुढे ठेवते.

जुन्याचा पुन्हा उपयोग करणे गृहिणींना नवे नाही. लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, उरलेले कपडे बोहारणीने भांड्यावर नेले, रद्दी विकून दोन पैसे डब्यात पडले. पण एका इमारतीत पन्नास बिऱ्हाडे नांदू लागली की एकीच्या शिस्तीने भागत नाही. सर्वांना मिळून नियम लागतो.

असा नियम पॅरिस शहरात १८८३ साली निघाला. तेथील अधिकारी यूजीन पूबेल यांनी घरमालकांना हुकूम केला की, भाडेकरूंसाठी डबे ठेवावेत: एक कुजणाऱ्या कचऱ्याचा, एक कागद-चिंध्यांचा, एक काच, फुटकी भांडी व शिंपल्यांचा. आजही फ्रेंच लोक कचऱ्याच्या डब्याला ‘पूबेल’च म्हणतात. परंतु रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या वेचून पोट भरणारे गरीब लोक या हुकुमाने हवालदिल झाले. डब्यांचा विचार झाला, वेचणाऱ्यांचा राहून गेला.

आपल्या पुण्यात विचार उलट बाजूने सुरू झाला. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या बायांत मिसळल्या. उकिरड्यात हात घालण्याऐवजी घरोघरी वेगळा ठेवलेला सुका कचरा मिळाला, तर या बायांचे श्रम वाचतील व मालही स्वच्छ राहील, हे त्यांनी ओळखले. पुढे १९९३ साली बाबा आढाव यांच्या साथीने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. २००८ साली महापालिकेशी तिचा करार झाला आणि वेचणाऱ्या बाया दारोदार कचरा नेऊ लागल्या. तिच्या सभासदांत बहुतेक स्त्रियाच आहेत.

२०१६ साली केंद्र सरकारच्या नियमांनीही ओला, सुका व घातक असे तीन भाग घरातच करण्यास सांगितले. मोठ्या सोसायट्यांनी व संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही त्यांत होते.

भगिनींनो, नियम कागदावर राहतो. बादली मात्र आपल्या स्वयंपाकघरात असते. आमच्या जिन्यातल्या मावशींच्या बोटांवर काचेच्या जखमांचे वण आहेत. भातात कालवलेला कागद त्यांना विकता येत नाही, म्हणजे तेवढी मजुरी बुडते. दुधाची पिशवी विसळून ठेवणे, फुटकी काच कागदात गुंडाळून तसे सांगून देणे, पाळीच्या वेळचे कापड किंवा पॅड नीट बांधून खूण करणे, यास पैसा लागत नाही. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीच्या हातांची एवढी काळजी घ्यावी, हीच माझी विनंती.