मेणबत्ती विझली, पाणी वर चढलं, पण कारण चुकलं! विज्ञान शिकवायला भरवशाचं साहित्य कुठं मिळतं?

२८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन जवळ आला की शिक्षकांची शोधाशोध सुरू होते. मोबाईलवर ढिगाने व्हिडिओ सापडतात आणि त्यात एक प्रयोग ठरलेला असतो. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, तिच्यावर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. कारण सांगितलं जातं की आतला ऑक्सिजन जळून संपला आणि त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, पाणीही साधारण तेवढंच चढलेलं दिसतं. गणित जुळलं, टाळ्या पडल्या.

प्रयोग खरा आहे. कारण चुकीचं आहे.

ज्योतीमुळे हवा तापून प्रसरण पावते आणि ग्लास ठेवताना त्यातली थोडी निसटते. कडेने बुडबुडे येतात ते त्याचेच. ज्योत विझली की आतली हवा थंड होऊन आकसते, दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजनमुळे पाणी चढत असतं, तर मेणबत्ती जळत असतानाच ते हळूहळू चढायला हवं होतं. प्रत्यक्षात ते झपकन चढतं ते ज्योत विझल्यावर. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या तर त्याच ग्लासात पाणी आणखी वर जातं. ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लकच असतो.

म्हणजे तीन मेणबत्त्यांचा खर्च केला असता तर सातवीतल्या मुलांनीच हे कारण खोडून काढलं असतं. चांगलं साहित्य ओळखायची खूण हीच. ते उत्तर आधी सांगून मोकळं होत नाही, मुलांना करून बघायला आणि पडताळायला जागा ठेवतं.

या पद्धतीवर भारतात एक मोठा प्रयोग झालाय. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम' सुरू झाला. मुलं गटात प्रयोग करायची, निरीक्षणं लिहायची आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला. २००२ मध्ये तो सरकारी शाळांतून बंद झाला, पण त्याची 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तकं आजही शिक्षकांच्या उपयोगाची आहेत. हिंदीत आहेत, पण मराठी शिक्षकाला ती अडत नाहीत.

याच कार्यक्रमात १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन एक तरुण इंजिनिअर पोचला. त्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून आकार बनवले. हेच ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे शेकडो व्हिडिओ केले. त्यांच्या वेबसाईटवर ते मराठीतही आहेत, सोबत हजारो पुस्तकं, सगळं फुकट. एकच जागा धुंडाळायची असेल तर ही.

मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बहुतेकांना ऑलिम्पियाडमुळे माहीत असतं. पण त्यांची तिसरी ते पाचवीची 'स्मॉल सायन्स' पुस्तकं जास्त कामाची आहेत, कारण त्यांत कृती आणि प्रश्न भरपूर आहेत. मराठीतच वाचायचं तर मराठी विज्ञान परिषदेची 'पत्रिका' आणि पुण्यातून निघणारं 'शैक्षणिक संदर्भ' आहेत. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. दीक्षा ॲपही आहे, मात्र त्यातलं साहित्य वर्गात लावण्याआधी एकदा पूर्ण बघून घ्यावं.

स्क्रीनवर काही दाखवायचं असेल तर कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' प्रकल्प बघा. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यातली अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत आणि डाउनलोड करून इंटरनेटशिवायही चालतात. विजेच्या सिम्युलेशनमध्ये शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीवर ज्वाळा दिसतात, शाळेचा फ्यूज शाबूत राहतो. तरी आधी खरा सेल, खरा बल्ब हातात द्यावा आणि स्क्रीन नंतर उघडावी. नववी-दहावीच्या प्रयोगांसाठी सी-डॅक आणि अमृता विद्यापीठाचं 'ओलॅब्स' आहे, तेही मराठीत.

साहित्य कितीही चांगलं असलं तरी ते आपल्या गावाला लागू पडतं का, हे तपासावंच लागतं. शून्य सावलीचंच घ्या. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबई-पुण्यात मेच्या मध्यात, नागपुरात शेवटच्या आठवड्यात. दुसऱ्या शहराचा व्हिडिओ बघून तारीख ठरवली तर फसगत होते. वेळही बाराची नसते, मुंबईत मे महिन्यात ती साडेबाराच्या थोडी पुढे येते. त्यात मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि दुसरी संधी येते ती जुलैच्या आसपास, ढगांत!

म्हणून काही शिक्षक त्या एका दिवसाच्या भानगडीत न पडता मैदानात काठी रोवतात. आठवड्यातून एकदा दुपारची सगळ्यात आखूड सावली मुलांकडून मोजून घेतात आणि वहीत तारखेसह आकडा लिहायला लावतात. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत सावली लांबत गेलेली त्या आकड्यांतच दिसते. लागतं काय, तर काठी, दोरी आणि मोजपट्टी.