मेहता, प्रवीणा

मेहता, प्रवीणा : मुंबईच्या एक अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञ व नगररचनाकार. ठाणे खाडीपलीकडील मुख्य भूमीवर मुंबईचे जुळे शहर (पुढची नवी मुंबई) वसवावे, ही योजना 1964-65 मध्ये ज्या तिघांनी सरकारपुढे मांडली, त्यांपैकी त्या एक होत. उरलेले दोघे म्हणजे वास्तुशिल्पज्ञ चार्ल्स कोरिया आणि स्थापत्य अभियंते शिरीष पटेल.

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून पेरीन मिस्त्री यांनी 1936 मध्ये वास्तुकलेची पदविका संपादन केली आणि या व्यवसायाचे दार स्त्रियांना प्रथम उघडे झाले. पुढील दशकात याच संस्थेत शिकत असता मेहता स्वातंत्र्यलढ्यात ओढल्या गेल्या व त्यांना तुरुंगवासही घडला. त्यानंतर शिकागो येथे वास्तुकला व नगररचना यांचे अध्ययन करून त्या स्वदेशी परतल्या आणि मुंबईत स्वतंत्रपणे व्यवसाय करू लागल्या. त्यांच्या वास्तूंपैकी किहीम (ता. अलिबाग) येथील पाटकरांचे घर आणि मद्रासचा अडवाणी-ओर्लिकॉन कंपनीचा कारखाना यांचा विशेष उल्लेख होतो. परदेशी वास्तुशिल्पज्ञ स्त्रियांपैकी रोममध्ये जन्मलेल्या लीना बो बार्डी यांनी साओ पाउलोचे कलासंग्रहालय (1968) उभारले, आणि गाए औलेन्ती यांनी पॅरिसच्या एका जुन्या रेल्वे स्थानकात थाटलेल्या ओर्से संग्रहालयाची (1986) अंतर्रचना केली. या इटालियन स्त्रियांची कीर्ती अशा इमारतींना बिलगून राहिली आहे व ती बोटाने दाखविता येते. मेहतांचे सर्वांत मोठे काम मात्र कागदावरचे, आणि तेही तिघांच्या नावे नोंदलेले. नवी मुंबईची हकीकत सांगताना बहुधा कोरियांचेच नाव घेतले जाते, हा आपल्या स्मरणशक्तीचा दोष होय.

महानगरपालिकेने 1964 मध्ये बृहन्मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला, त्यावर या तिघांनी घेतलेली हरकत मूलगामी होती. मुंबईचे बेट दक्षिणोत्तर लांबट. कचेऱ्या, पेढ्या व गोद्या दक्षिण टोकाशी एकवटलेल्या, आणि राहणारी माणसे मात्र वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकणारी. परिणामी सकाळी सारा लोंढा दक्षिणेकडे धावतो, सायंकाळी तोच उत्तरेकडे परततो, आणि उलट दिशेच्या गाड्या रिकाम्या जातात. असे असता उपनगरे आणखी लांबविणे म्हणजे दुखण्यालाच खुराक देणे होय. म्हणून रोजगाराचे तुल्यबळ केंद्र बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर निर्माण करावे, सरकारी कचेऱ्यांनी तेथे प्रथम स्थलांतर करावे, आणि सरकारने आगाऊ संपादन केलेल्या जमिनीचे विकसित भूखंड विकून रस्ते-पाण्याचा खर्च भागवावा, असे त्यांनी सुचविले. खाडीवरील पुलाची शिफारस 1958 मध्ये नेमलेल्या बर्वे समितीनेही केली होती. पण पूल बांधणे वेगळे आणि शहराचे तोंडच पूर्वेकडे वळविणे वेगळे. मुल्कराज आनंद यांच्या ‘मार्ग’ त्रैमासिकाने 1965 मध्ये ही योजना प्रसिद्ध केली.

आसनगावहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या शहापूरकरास, अथवा म्हशाहून एस.टी.ने मुरबाड आणि मुरबाडहून कल्याण असा फेरा करून मुंबई गाठणाऱ्यास, हे निदान कोणी समजावून द्यावयास नको. शहापूर तालुक्यातील तानसा तलाव 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आला आहे. मुख्य भूमीने पाणी द्यावे, माणसे द्यावी आणि शहरपण तेवढे बेटावर राहावे, हा जुना रिवाज. तो उलटविण्याचे धाडस या योजनेत होते.

धनंजयराव गाडगीळ समितीने महानगर प्रदेशाचा एकत्रित विचार करण्याची शिफारस केल्यावर योजनेस बळ मिळाले, आणि 17 मार्च 1970 रोजी सिडकोची (शहर व औद्योगिक विकास महामंडळाची) स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांची, सुमारे 344 चौरस किलोमीटर भूमी नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आली. जमिनीच्या विक्रीतून शहर उभारण्याची कल्पना हिशेबाला चोख होती. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावरून ती जमीन उतरावयाची, त्या आगरी-कोळी कुटुंबाचे पुढे काय, याचे उत्तर त्या हिशेबात पुरेसे नव्हते. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या कुटुंबांच्या आंदोलनात जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि नंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण सरकारला स्वीकारावे लागले.

सरकारी कचेऱ्यांनी प्रथम खाडी ओलांडावी, ही योजनेची किल्लीच होती. तीच सरकारने फिरविली नाही. विधान भवनाची नवी इमारत 1981 मध्ये बेटाच्या त्याच दक्षिण टोकाशी, नरिमन पॉइंटला उभी राहिली, आणि मानखुर्दहून वाशीला रेल्वे पोचावयास 1992 साल उजाडले.